ठोंबळाईपाशी अडकलेलं लग्न

मंगलाष्टकं रचून म्हणणारं यंत्र 'शुभमंगल सावधान'च्या पुढे सरकेना, म्हणून मुग्धा रेडीजचं लग्न दुसऱ्या आठवड्यात शिरलं.

यंत्र बंद करायचा प्रश्नच नव्हता. मंगलाष्टकं मध्येच तोडली तर अपशकुन होतो, आणि दर 'सावधान'ला अक्षता टाकाव्याच लागतात. वऱ्हाडाने पाळ्या लावून घेतल्या: निम्मे जेवायला, निम्मे अक्षतांना. अंतरपाट धरणारे भटजीसुद्धा पाळीने बदलत होते.

मुग्धाला काळजी लागली होती ती त्यामुळेच. अंतरपाटापलीकडे अजून निशिकांतच उभा आहे, की तिथेही पाळी लागली? त्याची रजा तर केव्हाच संपली होती. आणि डोकावून बघणं रीतीत बसत नव्हतं.

अखेर यंत्रवाले घारपुरे आले. त्यांनी यंत्राला कान लावला आणि ते वराच्या आत्याबाईंकडे वळले.

"हे अख्खा शब्द वाचत नाही, आत्याबाई. तुकडे करून वाचतं. तुमच्या कुलदेवीचं नाव याच्या फारसं वाचनात नाही, त्यामुळे त्याचे भलतेच तुकडे पडले. पुढे काय जोडायचं ते सुचत नाही, मग मागचीच ओळ म्हणतं. आणि जितक्यांदा म्हणतं, तितकी याची खात्री पटत जाते की पुढेही तीच ओळ यायची."

"आमच्या ह्यांचंही तसंच आहे," आत्याबाई म्हणाल्या. "पण ठोंबळाईचं नाव गाळायचं नाही. कोपते ती."

मुग्धाने पाठीशी उभ्या असलेल्या मामाचा हात दाबला. "मामा, विचार ना, देवीला दुसरं नाव नाही का? सगळ्यांच्या ओळखीचं?"

मामाने विचारलं. आत्याबाईंनी आपल्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं.

"मूळची भवानीच हो ती," त्या म्हणाल्या. "घेईल चालवून."

घारपुऱ्यांनी नाव बदललं. 'भवानी' यंत्राने कितीदा तरी वाचलेलं होतं. ते न अडखळता पुढे गेलं, उरलेली कडवी म्हणून मोकळं झालं आणि गप्प बसलं. वाजंत्री वाजली. अंतरपाट खाली आला.

समोरच्या माणसाची दाढी चांगलीच वाढली होती. हातातला हार पार सुकून गेला होता. पण तो निशिकांतच होता. मुग्धाला इतकं हायसं वाटलं की तिला भर मांडवात रडू फुटलं.

"तूच आहेस ना?" निशिकांतने घाबरत विचारलं.