वामनभाऊंची मागची सीट

आमच्या शेजारचे वामनभाऊ गाडीसाठी स्पीकर घ्यायला गेले की दुकानदाराला गाणं लावू देत नाहीत. खिशातून पेनड्राइव्ह काढून देतात आणि त्यातून माझा आवाज येतो : "सदुसष्ट. अडुसष्ट. पंचावन्न. पंच्याण्णव."

मी मोहाडीला हायस्कुलात गणित शिकवतो. एका सकाळी भाऊंनी मोबाइल पुढे धरून माझ्याकडून वीस आकडे वाचून घेतले.

"गाण्यानं काय बिघडतं?" मी विचारलं.

"गान्यात कान लबाडी करते जी सर. शब्द पाठ रायतात, कानाले वाटते आपुन आयकलं. आकड्यात लबाडी चालत नाही."

गणिताच्या मास्तरला याहून मोठी पावती मिळत नाही. मी निमूटपणे वाचले.

भाऊंनी तीस वर्षं राइस मिलच्या मोटारी सांभाळल्या. बेअरिंग जाण्याच्या आठ दिवस आधी त्यांना ते ऐकू यायचं, असं ते सांगतात. मला पडताळता आलेलं नाही. पण स्पीकरच्या बाबतीत ते कुणाचं ऐकत नाहीत, हे मी भंडाऱ्याच्या तीन दुकानांत पाहिलं. पहिल्या दुकानदाराने डिकीत बसणारा मोठा डबा वाजवून दाखवला. कपाटाच्या काचा थरथरल्या.

"छातीत वाजते की नाही, भाऊ?"

"छातीत वाजलं त डॉक्टरकडं जाईन. मले कानात पाहिजे."

दुसऱ्या दुकानात माझे आकडे चालू असताना एक गिऱ्हाईक दारातूनच ओरडलं, "काहो, इथं धानाचे टोकन पुकारून राहिले का?" तिसऱ्या दुकानात चार इंची, साध्या दिसणाऱ्या स्पीकरची जोडी पास झाली. दुकानदाराने घाम पुसला.

हा सगळा खटाटोप पार्वताआईंसाठी होता. भाऊंच्या आई बेचाळीस सालच्या, म्हणजे वय त्र्याऐंशीच्या आसपास. नक्की त्यांनाही माहीत नाही. ऐकू कमी येतं. कानाचं यंत्र आहे, पण चालत्या गाडीत ते शिट्ट्या मारतं म्हणून त्यांनी ते डब्यात ठेवून दिलंय. दोन वर्षांपासून त्या गाडीत बसेनात. करडीला त्यांचे धाकटे भाऊ असतात, तिकडेही नाही. "तुमी समोर बसून हासता," त्या म्हणाल्या होत्या, "अन् मी मांगं गठुड्यावानी. गठुडं घरीच बरं."

करडीचा तो धाकटा भाऊ आता अंथरुणाला खिळला होता आणि बहिणीची वाट पाहत होता. आईंना गाडीत बसवायचं होतं, तेही लवकर.

माझा अंदाज असा, की भाऊ आईंना भजनं ऐकवणार. स्पीकर दारात बसवायला मी सुचवलं, तर म्हणाले, "दारातून आवाज गुडघ्याले भेटते. आईचे कान गुडघ्यात हायेत का?" शेवटी एक स्पीकर पुढच्या सीटच्या पाठीला आणि दुसरा दाराशेजारच्या खांबाला, दोन्ही आईंच्या कानाच्या उंचीवर. मी कानापासूनचं अंतर टेपने मोजलं : छत्तीस आणि एक्केचाळीस सेंटिमीटर. भाऊंनी ते अंतर सारखं करायला एक आख्खा दिवस घालवला.

चाचणी अंगणात झाली. उभ्या गाडीत बसायला आईंची हरकत नव्हती, मात्र सुपात लाखोळी घेऊनच. त्या खडे वेचत आकडे सांगायच्या, मी वहीत खुणा करायचो. पहिल्या दिवशी वीसपैकी नऊ. दारांना आतून बाहेरचा आवाज अडवणारे जाड पत्रे चिकटवल्यावर तेरा. चौथ्या दिवशी सतरा.

"तीन गेले," मी म्हणालो.

"ते तुमचे गेले, सर," भाऊ म्हणाले. "तुमी पंच्याण्णव गिळता."

रविवारी करडीला जायला आई कुरकुरत गाडीत बसल्या. "पयल्या चौकात उतरीन," म्हणाल्या. मी पुढे, भाऊंच्या शेजारी. तेव्हा मला काचेवरच्या सावलीच्या फळीला चिमट्याने लावलेला बटणाएवढा माइक दिसला; त्याची वायर मागच्या स्पीकरांकडे गेली होती. गाणं लागलंच नाही. भाऊंनी गाडी सुरू केली आणि मला आपल्या लहानपणीची गोष्ट सांगायला लागले : सात वर्षांचे असताना त्यांनी गावचा तलाव या काठापासून त्या काठापर्यंत पोहून पार केला होता. ती मी निदान दहा वेळा ऐकली आहे.

"पोयला नाही," मागून आवाज आला. "मशीची शेपूट धरून गेला. अन् अर्ध्यात रडला."

मी मागे वळून पाहिलं. आई सीटच्या पुढच्या कडेला येऊन बसल्या होत्या.

"खोटं काहून सांगतं मास्तरले? तुह्या बापानं डोंगा घालून आनलं तुले."

भाऊ नेहमी वाद घालतात. त्या दिवशी घातला नाही. फक्त विचारलं, "अन् मंग, आई?"

मग म्हशीचं नाव निघालं, डोंगा म्हणजे ती लहान होडी कुणाची होती ते निघालं, त्या डोंग्यावाल्याची बायको कशी तिखट होती ते निघालं. चौक कधी गेला, आईंना कळलंही नाही. भाऊ मध्ये मध्ये "हो का?" एवढंच म्हणत होते, रस्त्यावरची नजर न काढता.

करडीचा फाटा आला आणि मागे गेला.

"भाऊ, वळण राहिलं," मी हळूच म्हणालो. पण माइक चांगला होता. ते मागेही ऐकू गेलं असावं. आई थांबल्या.

"राहू द्या, सर," भाऊ म्हणाले. "सांग ना आई, मंग ते बाई काय म्हने?"

आईंनी घसा साफ केला आणि पुढे सुरू केलं. मी मीटर पाहिला. आम्ही परत फिरून फाट्यावर आलो तेव्हा जाऊन-येऊन सहा किलोमीटर जास्त झाले होते.