काळ्या पडद्यांचे तीस टक्के

"मला कुणी फसवून दाखवावंच!" हे शंकाकाकांचं ब्रीद. कंपनीच्या चार मजल्यांची वीज सांभाळणारा हा वायरमन दूध घेतानासुद्धा आधी मापाचा तळ चाचपायचा. अकरा वर्षं फोरमनपद त्यांच्या नाकासमोरून निघून जात होतं. यंदा ते अगदी हातात आलं होतं. फक्त एका कागदावर त्यांची सही हवी होती.

कागदावर होतं : सर्व संगणकांचे पडदे काळे केल्याने विजेची तीस टक्के बचत! धरतीमातेला दिलासा!

"तीस कुठून आले, साहेब?"

"जाहिरात खात्यातून."

"मोजलं कुणी?"

"काका, पांढरं म्हणजे उजेड, काळं म्हणजे अंधार. अंधाराला वीज लागते का?"

"काही मोबाइलच्या पडद्यांत काळा भाग खरंच विझतो. आपल्या या पडद्यांच्या मागे मात्र दिवा असतो. पुढून काळं फासलं तरी मागे तो जळतोच की!"

साहेब नुसते हसले. साहेब हसले की काका आधी खिसा तपासायचे!

घरी बायकोने कपाळाला हात लावला. "अहो, करा की सही! अकरा वर्षं शेजारणीला सांगतेय, यंदा नक्की म्हणून!"

"डोळे मिटून? छे! उद्या या बचतीचं बक्षीस द्यायला पाहुणे येतायत, त्यांच्यासमोरच मोजतो. होऊ दे दुधाचं दूध, पाण्याचं पाणी!"

आदल्या दिवशीचा, पांढऱ्या पडद्यांचा आकडा त्यांनी वहीत टिपलेला होता : शंभर अँपिअर. सकाळी आठलाच ते मीटरच्या खोलीत शिरले. तिसऱ्या मजल्याचा एसी मध्येच चालू, मध्येच बंद. आकडा काही ठरेना. काकांनी दोन मिनिटांसाठी एसीचा मुख्य खटकाच पाडला आणि पडदे पांढरे-काळे करून बघितले. तसूभर फरक नाही!

"सापडला चोर!" म्हणत काका आनंदाने चहाला पळाले.

अकरा वाजता पाहुणे, साहेब, फोटोवाला, सगळे मीटरच्या खोलीत दाटीवाटीने उभे राहिले. काकांनी ऐटीत तारेला मोजणीचा चिमटा लावला.

सत्तर!

"शंभराचे सत्तर! बरोब्बर तीस टक्के!" साहेब स्वतःच दचकले. टाळ्या पडल्या. काकांनी चिमटा झटकला, फुंकला, पुन्हा लावला. सत्तरच! जन्मात पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या डोळ्यांचा संशय आला.

एवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या टपालबाई घामाने निथळत आल्या. "काका, सकाळपासून एसी मेलाय! माणसं उकडून निघालीत!"

गप्प बसलं तर फोरमन, बोललं तर गेलं सगळं. बायकोचा चेहरा डोळ्यांपुढे आला. पण जीभ कुठली ऐकते!

"साहेब, ही बचत पडद्यांची नाही! एसी मीच बंद केला आणि चालू करायला विसरलो!"

साहेबांनी पुन्हा एकदा सत्तरचा आकडा बघितला.

"म्हणजे एसी बंद असला की तीस टक्के खरे?"

"खरे, पण..."

"मग राहू द्या बंद! पडदे काळे आहेत, बचतही झालीय. यात खोटं काय?"

काकांनी कागद उजेडात धरला, उलटा केला, चारदा वाचला. कुठेतरी पाणी मुरत होतं, पण बोट कुठे ठेवावं तेच कळेना! शेवटी त्यांनी सही केली. फोटो निघाला, पेढे वाटले गेले. टपालबाईंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

संध्याकाळी साहेबांनी नव्या फोरमनच्या हातात केबिनची किल्ली ठेवली. तिसरा मजला, पश्चिमेची बाजू, उघडणारी खिडकी एकही नाही!