जुल्फिकार सरांची पेटी वर जाते

जुल्फिकार सरांनी ठरवलं, पेटीतली डिस्क आजच बदलायची. निर्णय अगदी साधा होता. पण सरांनी साधा निर्णय घेतला की त्यांची बायको रहिमाभाभी आधी गॅस बंद करून ठेवत, आणि त्या दिवशी नेमक्या त्या बाजारात गेल्या होत्या.

पेटी म्हणजे मस्कतला असलेल्या मुलाने, राहीलने, घरी बसवून दिलेलं फोटो साठवायचं यंत्र. एकवीस सालच्या पुरात महाडातल्या सरांच्या गल्लीतले लग्नाचे अल्बम चिखलात गेले. मग ज्याने त्याने मुंबईच्या, कुवेतच्या नातेवाइकांकडून फोटो मागवले. ठेवायचे कुठे? सरांकडे. सरांनी हौसेने हो म्हटलं. (आणि तेव्हापासून नीट झोपले नाहीत.) आता बारशी, साखरपुडे, सुंता, हजला निघालेल्यांची पाठवणी असं सगळं मिळून पेटी काठोकाठ भरली होती. राहीलने सुट्टीवर पोलादपूरला येणाऱ्या अकिब नावाच्या मित्राबरोबर दोन मोठ्या डिस्क पाठवल्या. त्या सरांनी पोलादपूरहून एसटीने मांडीवर धरून आणल्या, इतक्या जपून, की कंडक्टरने विचारलं, “चाचा, हाफ फाडू काय?”

“काही कठीण नाही, अब्बा,” राहीलने फोनवर समजावलं होतं. “पेटीत दोन डिस्क आहेत. जे एकीवर, तेच दुसरीवर. एक काढायची, तिच्या जागी मोठी बसवायची. पेटी आपणहून सगळं तिच्यावर उतरवून घेते. ते झालं की मग दुसरी बदलायची. फक्त मध्ये वीज जाऊ देऊ नका.”

“आणि गेली तर?”

“जाऊ देऊ नका ना, अब्बा.”

याला सर उत्तर मानत नव्हते. (शेवाळावर पीएच.डी. केलेल्या माणसाला असली उत्तरं पचत नाहीत.) पुरानंतर इन्व्हर्टर वरच्या मजल्यावर नेलेला होता. तेव्हा पेटीही वर न्यायची, असं ठरवून सरांनी ती टॉवेलात गुंडाळली, छातीशी धरली आणि बाहेरच्या जिन्याने ते वर निघाले.

इथेच चुकलं. कारण पुराच्या साली सगळी गल्ली “पाणी विहिरीच्या वर येत नाय” म्हणत बसली असताना, सर एकटेच सकाळपासून सामान वर नेत होते. लोक हसले होते. त्यानंतर मात्र गल्लीने नगरपालिकेच्या भोंग्यावर विसंबणं सोडलं. सर वर निघाले, की पाणी आलं.

शेजारच्या गीताबाई दारात तांदूळ निवडत होत्या. “सर, काय नेता वर?”

सर दचकले. गीताबाईंच्या वारलेल्या नवऱ्याचा, जानूचा, जगात उरलेला एकुलता एक फोटो याच टॉवेलात होता. ‘तुमचा नवरा नेतोय, आता त्याला उघडणार आहे’ असं सांगायचं कसं?

“काही नाही, गीताबाई. जरा... खबरदारी.”

गीताबाईंनी सूप खाली ठेवलं आणि नदीच्या वरच्या अंगाला, पोलादपूरला राहणाऱ्या बहिणीला फोन लावला. “रखमे, नदी काय म्हणते गो?”

“नदी? अगो, मी गोधड्या वाळत घातल्यात. ऊन पडलाय.”

गीताबाईंनी फोन ठेवला. “पोलादपुरात ऊन हाय म्हणते.”

“मग झालं तर,” जावई अनिल म्हणाला.

“झालं काय? सरांचं शिक्षण पाण्यातलं हाय. रखमा चौथी नापास. फ्रिज उचल.”

वर सरांनी बिस्मिल्ला म्हणून एक डिस्क काढली, मोठी बसवली. पेटी कोकलायला लागली. डिस्क काढली की ती कोकलणारच, हे राहीलने सांगितलं होतं. पण एवढ्या मोठ्याने, हे सांगितलं नव्हतं. त्याला विचारावं म्हणून सर फोन घेऊन खिडकीशी आले, आणि त्यांनी खाली पाहिलं.

गल्ली वर चालली होती. गाद्या चालल्या होत्या, शिलाई मशीन चाललं होतं, सुंदराबाई शेळीला मागून ढकलत सरांचाच जिना चढवत होत्या.

एवढ्या लोकांना काहीतरी कळलेलं दिसतं आणि आपण इथे डिस्क बदलत बसलो! सर धावत खाली गेले आणि तांदळाचं पोतं ओढत निघाले.

“सरांनी तांदूळ उचलला!” कोणीतरी ओरडलं. मग जे आतापर्यंत हलले नव्हते, तेही हलले. गल्ली सरांकडे बघून घाबरत होती, सर गल्लीकडे बघून. नदीला कोणीच विचारत नव्हतं.

गीताबाईंचं घर बैठं, म्हणून त्यांचं सामान सरांच्या माडीवर. अनिलने पाठीवरचा फ्रिज टेकवला आणि पुराने शिकवलेलं पहिलं काम केलं. मेन स्विच खाली ओढला. मग इन्व्हर्टरही बंद केला. पेटी गप्प झाली.

“अनिल!” सर किंचाळले. “अरे, तुमचे सगळ्यांचे फोटो!”

मग सगळं सांगावं लागलं. गीताबाई पोत्यावर बसल्या. कुणाच्या तरी लग्नात, पंगतीच्या टोकाला, तोंडात जिलबी धरलेला जानू. बस, तेवढाच होता त्यांच्याजवळ.

“म्हंजे,” त्यांनी हळूच विचारलं, “आमचे हे परत गेले?”

तेवढ्यात पिशवी सावरत रहिमाभाभी जिना चढून आल्या. त्यांनी शेळी पाहिली, फ्रिज पाहिला, मग नवऱ्याकडे पाहिलं.

“मी नदीवरूनच आले. पाणी तळाला आहे, काठावर म्हशी चरतायत. तुम्ही काय केलंत? नको, मला नका सांगू. राहीलला लावा फोन.”

“अब्बा, घाबरू नका,” राहील म्हणाला. “काढलेली डिस्क तुमच्याजवळ आहे? दुसरी पेटीत आहे? मग सगळं दोन्हीकडे आहे. वीज लावा. पेटी पहिल्यापासून उतरवून घेईल.”

अनिलने दोन्ही स्विच लावले. दिवा लुकलुकला, पेटी पुन्हा कोकलली, आणि त्या आवाजाने सरांना इतकं बरं वाटलं, की ते खाली मटकन बसले. भाभींनी मोबाईलवर जानू शोधून गीताबाईंच्या हातात दिला.

“बघा,” डोळे पुसत त्या म्हणाल्या, “अजून जिलबी काय सोडत नाय.”

“माफ करा सगळ्यांनी,” सर म्हणाले. “माझ्यामुळे...”

“सर,” गीताबाई म्हणाल्या, “त्या साली तुम्ही माझी ट्रंक वर नेलीत, तवा मी हसले होते. आज नाय हसायची.”

“मी पण नाय,” अनिल म्हणाला. “कंबर धरलीय.”

भाभींनी सगळ्यांसाठी चहा टाकला. गल्लीच्या मांडीला मांडी लावून बसलेले सर कपात बघत राहिले. नोकरीभर त्यांच्या ज्ञानावर विसंबून कोणी वहीसुद्धा उघडली नव्हती. त्यांच्या भीतीवर विसंबून मात्र माणसं फ्रिज उचलत होती. एवढं देणं आपल्याला कशासाठी मिळालं, हे काही त्यांना उमगेना. त्यांनी मनातल्या मनात अल्लाचा शुक्र मानला.

यथावकाश दुसरी डिस्कही बसली. पेटीत आता आणखी कैक लग्नं मावतील. गल्लीने फक्त एक सुधारणा केली. सर जिना चढताना दिसले, की कोणी सामानाला हात लावत नाही. गीताबाई आधी खालून हाक मारतात, “भाभी, पाणी का पेटी?”

परवा दुपारी सर वर निघाले, तेव्हाही गीताबाईंनी विचारलं.

“दोन्ही नाही,” भाभी आतून म्हणाल्या. “घोरतात, म्हणून मीच पाठवलंय.”