बरंय, निघतो आता

दातांच्या डॉक्टरांची एक अडचण होती. त्यांना ब्लॉगचे विषय सुचायचे, भरपूर सुचायचे. पण नेमके दोन्ही हात कोणाच्या तरी तोंडात असताना. एरवी रविवारी सकाळी चहाचा कप, मोकळं टेबल, समोर लॅपटॉप असा सगळा थाट मांडून बसले, की डोकं घासलेल्या पातेल्यासारखं लख्ख रिकामं.

उपाय करून झाले होते. एकदा त्यांनी डाव्या हातमोज्यावर मार्करने विषय लिहिला. तो हातमोज्यासकट कचऱ्यात गेला. मग फोन चालू ठेवून त्यात बोलून पाहिलं. संध्याकाळी ऐकायला बसले, तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत ड्रिलची घरघर आणि मधूनच एका पेशंटचं "आई गं!" शेवटी त्यांनी सगळा भार खुर्चीशेजारी उभ्या राहणाऱ्या मदतनीस ताईंवर टाकला. विषय सुचला की मोठ्याने म्हणायचे, "ताई, लक्षात ठेवा हं!" ताई म्हणायच्या, "ठेवलं." ताईंचं डोकं तसं पक्कं होतं. फक्त त्यात एका वेळी एकच विषय मावायचा. नवा आत आला की जुना बाहेर पडायचा.

त्या दिवशी सकाळी खुर्चीत शिंपीकाका होते. दवाखाना पहिल्या मजल्यावर आणि बरोबर त्याच्या खाली काकांचं दुकान. दाढेचं रूट कॅनल निम्म्यावर आलेलं. तोंडाचा आ वासून, डोळे छताला लावून काका निमूट पडले होते. डॉक्टर दाढेत वाकले आणि तेवढ्यात विषय सुचला.

"ताई! लक्षात ठेवा. 'बरंय, निघतो आता.'"

"ठेवलं," ताई म्हणाल्या.

"नीट लिहून काढतो आणि रविवारी सगळ्यांना कळवतो. किती दिवस डोक्यात घोळत होतं, आज एकदम स्पष्ट झालं बघा."

काकांचे डोळे मोठे झाले. "आँ?" असा आवाज आला.

"दुखतंय का काका?"

काकांनी मान हलवली. त्या अवस्थेत ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते कळायला मार्ग नव्हता. डोळ्यांत पाणी मात्र दिसलं. डॉक्टरांना वाईट वाटलं. त्यांनी भूल द्यायचं आणखी एक इंजेक्शन दिलं. आता काकांना हनुवटी कुठे संपते आणि कॉलर कुठे सुरू होते, तेही कळेना.

पायऱ्या उतरताना काकांना दुहेरी घोर लागला होता. एवढा गुणी माणूस चालला, हा एक. आणि आपली दाढ उघडी टाकून चालला, हा दुसरा. दुकानात शेजारच्या बेकरीवाल्या बाई गिऱ्हाईक म्हणून बसल्याच होत्या.

"काय हो काका, डोळे का असे?"

"दॉक्तल निघाले," काका म्हणाले.

"कोण निघाले?"

जीभ वळेना, ओठ हलेनात. काकांनी हताशपणे बोट वर केलं. म्हणजे वरच्या मजल्यावरचे.

"वर?" बाई उभ्याच राहिल्या. "वर निघाले?"

काकांनी जोरात मान डोलावली.

बाईंनी ब्लाउजचं माप तसंच टाकलं आणि बेकरी गाठली. त्यांच्याकडून बातमी निघाली ती डॉक्टरांचे फार दिवस उरले नाहीत अशी. दुपारपर्यंत काकांची जीभ थोडी सुटली आणि त्यांनी गिऱ्हाइकांना जे सांगितलं, त्यावरून दुसरी बातमी निघाली, ती डॉक्टर गाव सोडून चालले अशी. दोन्ही बातम्या एकाच रस्त्यावरून फिरत होत्या. कोपऱ्यावर त्यांची गाठ पडली, तेव्हा लोकांनी त्यातून अर्थ काढला, की डॉक्टर आजारी आहेत आणि उपचारासाठी लांब कुठेतरी जाणार आहेत.

वर डॉक्टरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. आज गर्दी एवढी का, तेवढंच त्यांना कळेना. एक आजोबा म्हणाले, "कवळी आजच बसवून द्या. तुम्ही आहात तोवर तुमच्याच हातची बसू दे." एक बाई दातांना काहीही झालेलं नसताना दाखवायला आल्या आणि जाताना म्हणाल्या, "जेवता ना वेळेवर?" बेकरीतून एक मऊ पाव आला. सोबत निरोप होता, की घशाखाली उतरेल तेवढाच खावा. डॉक्टरांनी तो चहात बुडवून अख्खा खाल्ला आणि म्हणाले, "ताई, माणसं आज फारच प्रेमळ झालीत. यावर लिहायला हवं. लक्षात ठेवा हं!"

"ठेवलं," ताई म्हणाल्या. आणि सकाळचा विषय बाहेर पडला.

डॉक्टरांची बायको शाळेत भूगोल शिकवायची. मधल्या सुट्टीत शाळेचे कारकून तिला म्हणाले, "मॅडम, डॉक्टर गाव सोडून चाललेत म्हणे. तुम्ही कधी निघणार?" तिने डॉक्टरांना फोन लावला. हात तोंडात असताना डॉक्टर फोन उचलत नसत. शाळा सुटायच्या आधीच ती दवाखान्यात हजर झाली.

"कुठे निघालास?" तिने दारातूनच विचारलं.

"मी? कुठे नाही. अजून तीन पेशंट आहेत."

"मला सगळं कळलंय. अख्ख्या रस्त्याला माहीत आहे. रविवारी सगळ्यांना कळवणार होतास ना? त्या सगळ्यांत मी पण होते, का मला आधी सांगणार होतास?"

डॉक्टरांनी मास्क खाली ओढला. "रविवारी... अगं, रविवारी मी ब्लॉग टाकतो! तो ब्लॉगचा विषय होता!"

"असं? कुठला विषय?"

डॉक्टरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं.

"ताई," ते घाईघाईने म्हणाले, "सकाळचा विषय काय होता?"

ताईंनी छताकडे पाहिलं, मग बेसिनकडे पाहिलं. "माणसं प्रेमळ झालीत."

"तो नाही, त्याच्या आधीचा!"

"आधीचा?" ताई रडकुंडीला आल्या. "डॉक्टर, आधीचा कसा राहील? तुम्हीच तर नवा दिलात!"

बायकोने हाताची घडी घातली. वर्गात नकाशा विसरून आलेल्या मुलाकडे ती जशी बघायची, तसं बघून ती म्हणाली, "छान. विषय होता, पण आठवत नाही. पुढे?"

"खुर्चीत शिंपीकाका होते," डॉक्टरांना एकदम सुचलं. "त्यांनी ऐकलंय!"

खाली दुकानात काका शिलाई मशीनवर नुसतेच बसून होते. बेकरीवाल्या बाई समोर डोळे पुसत होत्या. डॉक्टर, बायको आणि मागोमाग ताई असे तिघं आत शिरल्यावर दुकानात कापडाचा तागा ठेवायलाही जागा उरली नाही.

"काका, मी सकाळी काय म्हणालो ते आठवतंय?"

काका मशीनवरून उठले. "न आठवायला काय झालं? शब्दन् शब्द आठवतोय. 'बरंय, निघतो आता. नीट लिहून काढतो आणि रविवारी सगळ्यांना कळवतो.' आणखी म्हणालात, किती दिवस डोक्यात घोळत होतं."

डॉक्टरांनी आनंदाने टाळी वाजवली. "तेच! अगदी तेच! बरंय, निघतो आता! सापडलं!"

बेकरीवाल्या बाईंनी हुंदका दिला. बायको कापडाच्या गठ्ठ्यावर मटकन बसली. तिचा चेहरा पाहून डॉक्टरांच्या टाळीचा आवाज त्यांच्याच हातांत विरला.

"अगं, नाही, ऐक तरी," ते तिच्यापुढे उकिडवे बसले. "पाहुणे नाहीत का म्हणत, 'बरंय, निघतो आता'? आणि मग दारात उभं राहून अर्धा तास बोलत बसतात. चप्पल घालतात, पुन्हा काढतात. त्यावर लिहायचं होतं. तुझ्या आत्यावरून सुचलं मला. शप्पथ!"

आत्याचं नाव निघाल्यावर बायकोच्या ओठांचा कोपरा हलला. मागच्या महिन्यात आत्या दारात निरोप घेता घेता दोनदा चहा पिऊन गेली होती.

"म्हणजे तुम्ही जात नाही?" काकांनी विचारलं.

"नाही हो."

"आणि वरही...?" बेकरीवाल्या बाईंनी विचारलं.

"वर आत्ता जाणार आहे, पेशंट खोळंबलेत."

"पण मग सगळ्यांना कळवणार होता ते?" काकांची शंका फिटेना.

"ब्लॉगवर. इंटरनेटवर मी लिहितो ना, तिथे."

"तिथे वाचतं कोण?"

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. "मी वाचते," ती म्हणाली आणि उठून पदर झटकला.

"बाकी?" काकांनी विचारलं. डॉक्टर पेशंट खोळंबल्याची आठवण करून देत जिन्याकडे वळले.

संध्याकाळी दवाखाना बंद करून दोघं घरी चालत निघाली. कोपरा ओलांडल्यावर बायको म्हणाली, "एक घोळ झालाय. मी आठ दिवसांची रजा टाकून आले."

"रजा? भांडायला?"

"भांडायला कशाला लागते रजा? ते तर मधल्या सुट्टीत पण जमतं. भांडून झाल्यावर बरोबर जायला."

डॉक्टर थांबले. "म्हणजे तू येणार होतीस? कुठे जायचं ते माहीत नसताना?"

"मग काय करणार? तुला एकट्याला तुझा रुमाल तरी सापडतो का?" असं म्हणून ती पुढे चालू लागली. डॉक्टरांना काहीतरी छान बोलावंसं वाटत होतं, पण हात मोकळे असल्यामुळे काही सुचेना. ते नुसतेच भराभर चालत तिच्या बरोबरीने आले आणि तिच्या खांद्यावरची शाळेची जड पिशवी त्यांनी आपल्याकडे घेतली.

"मग आता ती रजा परत घ्यायची?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"मुख्याध्यापकांनी मंजूर केलीय. इतक्या कळवळ्याने केलीय, की आता परत घ्यायची मला लाज वाटते."

तेव्हा दोघांनी ठरवलं, की मिळालीच आहे तर कुठेतरी जाऊन येऊ. दवाखान्याच्या दारावर 'आठ दिवस बंद' अशी पाटी लागली. शनिवारी सकाळी दोन बॅगा घेऊन दोघं रिक्षाची वाट बघत दवाखान्याखाली उभी होती, तेवढ्यात शिंपीकाका दुकानातून बाहेर आले. त्यांनी बॅगांकडे पाहिलं, वर पाटीकडे पाहिलं, आत गेले आणि एक नवाकोरा शर्ट घेऊन आले.

"अंदाजाने शिवलाय," ते म्हणाले. "तुमचं माप कधी घेतलंच नाही. खुर्चीत पडल्या पडल्या जेवढे दिसायचात, त्यावरून शिवला."

"अहो काका, कशाला हे? आम्ही फिरायला चाललोय. पुढच्या रविवारी परत! तुमची दाढ मीच पुरी करणार आहे."

काकांनी शर्ट त्यांच्या हातात कोंबला आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

"असू दे डॉक्टर," ते म्हणाले. "जाणारे सगळे असंच म्हणतात."