आधी दरोगा, मग पंगत

खाण्याआधी जिलबी कानाशी नेऊन ऐकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. सिद्रामप्पा दरोगा. निजामाचा अंमल होता, आळंदच्या बाजारात माझं मिठाईचं दुकान होतं आणि हे बलदियाचे, म्हणजे गावच्या नगरपालिकेचे, सफाई दरोगा. आले की परातीतली जिलबी उचलायचे, कानाशी नेऊन मोडायचे आणि डोळे मिटायचे.

"ताजी जिलबी बोलतीय, शेट. शिळी मुकी ऱ्हातीय."

मग ती बोलणारी जिलबी तोंडात टाकायचे आणि वर म्हणायचे, "नमुना!"

पेढा असो, दही असो, कुणाच्या अंगणातलं वाळवण असो, दरोगासाहेबांना नमुना हवाच. मागून त्यांचा चपराशी हुसेन पितळी डबा घेऊन चालायचा. नमुने त्या डब्यात भरून गुलबर्ग्याला तपासायला धाडायचे, असा म्हणे नियम होता. तो डबा भरलेला मी काही कधी पाहिला नाही. "सरकार याच्या पोटातच तपासतंय," असं मी गिऱ्हाइकांना सांगायचो.

कायद्याला मात्र पक्का माणूस. एकदा नवरदेवाच्या घोड्यानं भर रस्त्यात लीद टाकली, तर यांनी वाजतगाजत चाललेली वरात थांबवली आणि वरबापाच्या हातात फावडं दिलं. "घोडा कुणी आणला? तुम्ही. मग लीद कुणाची?" वरबाप जरीचा फेटा सावरत लीद भरत होता आणि ताशेवाले हसू दाबत उभे होते. तेव्हापासून गावात कुणी त्यांना लग्नाला बोलवेना. ते तरीही जायचे, पण मागच्या दारानं, आचाऱ्यांची नखं बघायला.

त्या वर्षी मठाची जत्रा तोंडावर आली आणि शेजारच्या खेड्यात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ लागली. दरोगांनी मठाच्या जुन्या विहिरीत लाल औषध टाकलं, तोंडावर बाभळीच्या काटेरी फांद्या रचल्या आणि प्रसादाच्या हुग्गीसाठी लांबच्या मळ्यातून गाडीनं पाणी आणायला लावलं. हुग्गी म्हणजे गव्हाची खीर. सारं गाव तीवर वर्षभर डोळा ठेवून असतं. ऐन जत्रेच्या सकाळी कढया उकळत असताना एक आचारी बोलून गेला, की गाडीला उशीर झाला म्हणून काही घागरी त्या जुन्या विहिरीतूनच शेंदल्या.

झालं! मंडपात पळापळ. घरोघरच्या कणगीतला गहू त्या कढयांत शिजत होता, तो ओतून द्या म्हणायला पंचांची जीभ रेटेना. आणि वाढा म्हणायलाही रेटेना. तेवढ्यात दरोगा आले. त्यांच्या मागून गंगाक्का गवळीण शिव्या देत आली, कारण त्याच विहिरीचं पाणी घातलंय म्हणून यांनी तिचं सकाळचं दूध नुकतंच गटारात ओतलं होतं.

दरोगांनी सगळं ऐकून घेतलं. हुसेननं सवयीनं वाटी पुढं केली.

"आधी दरोगा, मग पंगत," ते म्हणाले. "दिवस मावळंपातुर मला काय झालं न्हाई, तर वाढा."

वाटीभर हुग्गी खाऊन ते लिंबाखाली खुर्ची टाकून बसले. हुग्गी चांगली होती, हे आज सांगायला हरकत नाही; तेव्हा मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळं गाव भुकेल्या पोटी एका माणसाचं पचन बघत बसलं. त्यांनी पोटावरून हात फिरवला, की पुढची रांग मागे सरकायची. ढेकर दिला, तर पंच हात जोडायचे.

माझ्या पोटात कावळे ओरडत होते. मी जवळ जाऊन म्हणालो, "साहेब, माझी जिलबी खाताना तुम्ही येवढा येळ कधी लावला न्हाई! आन् आदीचे दरोगा तर चपराशाला चाखायला लावायचे म्हणं."

"हुसेनला चार लेकरं हायती, शेट," ते हळूच म्हणाले. "माझं काय! घराला कुलूप घातलं की आत कुणीच न्हाई."

मला एकदम गलबलून आलं.

गंगाक्का तिथंच उभी होती. तिनं पदर खोचला, कढईपाशी जाऊन स्वतःच वाटी भरली आणि त्यांच्या शेजारी मातीत फतकल घालून बसली.

"अक्का, खाऊ नगं! हुकूम न्हाई," दरोगा ओरडले.

"जळो तुजा हुकूम. माज्या घरात तरी कोण बसलंय? येकटाच कामून खायलास रं?"

"हात धुतलीस का?" दरोगांनी विचारलं.

तिनं हात पुढं केले. खुर्चीवरून उठून त्यांनी आपल्या तांब्यातलं पाणी तिच्या हातावर घातलं, आणि मग खुर्चीवर न बसता खाली तिच्याजवळ टेकले.

"ग्वाड झालीया," गंगाक्का खाता खाता म्हणाली.

"व्हय," दरोगा म्हणाले, "पण येलदोडा कमी पडलाय." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी चवीचा शब्द पहिल्यांदाच ऐकला.