भूषणराव वाळके यांची काटकोनावरील स्वारी

श्री. जे जोडिले तरी वाढवीत नाही, वजा केले तरी घटवीत नाही आणि ज्याने भागू जाता भल्याभल्यांची गती खुंटते, त्या शून्यास वंदन करून हकीकत लिहितो. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्षमासी दहावीच्या राज्यात मोठा प्रसंग गुदरला. तो ऐसा जे, भूमितीच्या चाचणीत सरदार भूषणराव वाळके यांस विसांपैकी तीन गुण पडिले. गणिताच्या गादीवर निमकरबाईसाहेब होत्या. त्यांनी उत्तरपत्रिका दोन बोटांत धरून न्याहाळली आणि एक उदाहरण नेमून देऊन हुकूम केला की, शुक्रवारी मधल्या सुटीनंतर वाळके यांनी हे फळ्यावर स्वहस्ते सिद्ध करावे, न साधल्यास सोमवारी तिसऱ्या तुकडीत रवाना व्हावे. तिसऱ्या तुकडीचा मुलूख सुखाचा. तेथे अवघड उदाहरणाचे नाव कोणी काढीत नाही, हमखास येणारे प्रश्न पाठ करविती आणि पास करून सोडिती. परंतु भूषणरावांचे चित्त पॉलिटेक्निकावर जडलेले आणि त्यांचे दोघे जिवलग, ऋजुताबाई टिकेकर व शाकीरखान अत्तार, पहिल्याच तुकडीत, म्हणून त्यांस डबा गोड लागेना.

मग तिघांनी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत मसलत मांडिली. उदाहरण येणेप्रमाणे: त्रिकोण कखग, तळाची बाजू खग, तिचा मध्यबिंदू म, आणि कम ही रेषा खगच्या बरोबर निम्मी, तर कोन क हा काटकोन आहे हे सिद्ध करावे. दोन दिवस ऋजुताबाईंनी कागदाची नासाडी केली आणि किल्ला काही हाती येईना. या मंडळींचा दस्तूर ऐसा की, आकृती शाकीरखानांनीच काढावी, इतरांनी पट्टीस हात लावू नये, कारण खानांची रेघ छापल्यासारखी. तिसरे दिवशी त्यांनी नवी आकृती काढिली, ती इतकी देखणी की दोन्ही बाजू समसमान आणि कम मधोमध झेंड्याच्या काठीसारखी ताठ उभी. ती पाहोन ऋजुताबाई म्हणाल्या, कम तर लंब आहे, इकडे पंचेचाळीस, तिकडे पंचेचाळीस, मिळून नव्वद, संपला विषय. मग आनंद जाहला, आणि भूषणरावांकडून हीच सिद्धता एकवीस वेळा घोकून घेतली. ते मध्ये थबकू लागता ऋजुताबाई बोलल्या, "भूषण्या, तू फक्त म्हण. विचार करू नकोस. विचार आमचा करून झालाय."

शुक्रवार उजाडला. मधली सुटी सरली, बाईसाहेब आल्या आणि खडू भूषणरावांचे हाती दिला. पाहतात तो आकृती काढावयास शाकीरखान नाहीत, ते बसले दुसऱ्या बेंचावर. मग भूषणरावांनी स्वहस्ते त्रिकोण काढिला. तो ऐसा उतरला की वरचा क घसरून डावीकडे गेला आणि कम ही रेघ बसथांब्याच्या वाकल्या खांबासारखी कलंडली. दरबारात खसखस पिकली. भूषणरावांनी पाठ केलेले म्हणावयास आरंभ केला, "कम लंब आहे," आणि फळ्याकडे पाहोन त्या कलंडल्या रेघेवर खडू टेकविला. पहिल्या बेंचावरून ऋजुताबाई ओठांनीच लंब, लंब म्हणत होत्या. बाईसाहेबांनी हाताची घडी घातली.

"बाई, हा लंब नाहीये," भूषणराव म्हणाले. "आणि दिलेलाही नाहीये."

"मग दिलंय काय?"

तेव्हा भूषणरावांनी उदाहरण पहिल्यापासून वाचिले, आकृतीच्या एकेका रेघेवर बोट फिरविले, आणि हळूहळू म्हणाले की, म मध्यबिंदू, म्हणजे खम आणि गम सारख्या, आणि कम तेवढीच. म्हणजे कमख हा समद्विभुज आणि कमग हाही समद्विभुज. "म्हणजे ख इथला कोन क मध्ये एकदा आला. ग इथला पण आला. म्हणजे बाई, क म्हणजे ख आणि ग मिळूनच झाला की. तिघांचे एकशे ऐंशी, तर एकट्या कचे निम्मे." ऐसे बोलून त्यांनी नव्वद लिहिले आणि खडू मोडला.

बाईसाहेबांनी पुसले की, लंबाचे कोणी शिकविले? मग ऋजुताबाई व शाकीरखान उभे राहिले. खान म्हणाले, "बाई, माझ्या आकृतीत तो लंबच होता." बाई म्हणाल्या, "तेच तर झालं. वाळके, जागेवर जा. इथल्याच."

सारांश, भूषणराव पहिल्या तुकडीत कायम जाहले. आकृतीचा अधिकार शाकीरखानांकडून काढून भूषणरावांस दिला, पट्टीही दिली, ती ते वापरीत नाहीत. तेव्हापासून या मंडळींच्या आकृत्या इतक्या वाकड्या येतात की, त्यांत पाहून काहीच खरे मानिता येत नाही. सबब सगळे सिद्ध करावे लागते, आणि होते.