शांतलिंगनं थोपवलेली लाट

नळदुर्गच्या भर बाजारात शांतलिंग फोटोवाल्यानं एकदा जाहीर केलं, की समुद्राची उसळती लाट आपण हवेतल्या हवेत थोपवून कागदावर आणणार. भिंगही तसंच होतं. जुन्यात घेतलेलं, लांबलचक नळीचं; तिपाईवर चढवलं की किल्ल्यावरची तोफ ओशाळायची.

मिठाचे व्यापारी शरणबसप्पा पोत्यावर बसूनच म्हणाले, "गेल्या साली बसवून काढलेल्या फोटूत आमच्या आईला तीन तोंडं आली. लोक दत्त समजून पाया पडतेत. आन् तू लाट थांबवणार?"

"थांबवली तर, अप्पा?" असं म्हणताना शांतलिंगचा डोळा माडीकडं गेला. तिथं शरणबसप्पांची लेक रुद्रम्मा जवारी पाखडत होती.

शरणबसप्पांनी ती नजर बरोबर तोलली. "तर पोरगी तुझी. न्हाय जमलं, तर या दारावरनं फिरकायचं न्हाय."

झालं. सोलापूर, कोल्हापूर, पुढं मोटारीनं घाट उतरून स्वारी रत्नागिरीला. पाण्यापासून पन्नास पावलांवर, कोरड्या वाळूत त्यानं तिपाई रोवली, डोक्यावर काळं कापड घेतलं आणि भिंगाचं कडं फिरवलं. लाट काचेवर लख्ख उमटली. प्लेट घालायला जावं तर धुरकट. पुन्हा कडं फिरवलं. पुन्हा लख्ख, पुन्हा धुरकट.

"भिंगवाल्यानं फसवलं की," कापडातून आवाज आला.

जाळं ओढणारा एक कोळी म्हणाला, "पाव्हणे, मागं सरा. पाणी चढतंय."

"पाऊस न्हाय, पूर न्हाय, चढंल कसं? आमच्या बारवंत पाणी ज्या पायरीवर आसतंय, तिथं म्हैनाभर बसतंय."

"ही बारव नाही."

"खारं हाय म्हणून काय झालं? पाणीच की."

कडं फिरून फिरून शेवटाला टेकलं. पाय गार पडले. रुद्रम्माच्या आठवणीनं पडले असतील, असं त्याला वाटलं. आणि मग लाट अशी दिसली, की शेंड्यावरच्या खेकड्याच्या नांग्या मोजाव्यात! त्यानं प्लेट सरकवली आणि खटका दाबला.

कोळ्यानं पाण्यातनं आधी तिपाई काढली, मग शांतलिंगला. दोन्ही एकाच जाळ्यात होती.

घरी येऊन प्लेट धुतली, तर कोळसा. शांतलिंगनं ती आणि कॅमेरा शरणबसप्पांच्या पुढ्यात ठेवला आणि मान खाली घातली. "लाट आलती, अप्पा. पण माझ्याआधी पोचली."

शरणबसप्पांनी प्लेटकडं पाहिलंच नाही. भिंगाच्या कड्यावर पांढरी खपली धरली होती. ती त्यांनी नखानं खरवडली, जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. चाळीस वर्षं मिठात गेलेली जीभ ती.

"दुकानातलं मीठ फासलं न्हायस," ते म्हणाले. "खरंच जाऊन आलास, आन् हरलो म्हणून सांगितलंस. पोरगी दिली."

माडीवरचं सूप थांबलं.

लगीन थाटात झालं. फोटोला मात्र शरणबसप्पांनी सोलापूरचा माणूस बोलावला. त्या फोटोत सासूबाई, व्याही, वाजंत्री, दारातली म्हैस, सगळे स्वच्छ आलेत. नवरदेव तेवढा धुरकट आहे. ऐन खटक्याच्या वेळी तो पुढं होऊन कडं कसं फिरवायचं ते सांगत होता.